चाळीस की पंचेचाळीस

बहरीनमध्ये जुन्या अमेरिकन चांदीच्या नाण्यांचा अभ्यास करणारी एक मराठी संघटना होती. मराठी असूनही पंधरा वर्षं तिच्यात फूट पडली नाही, याचं श्रेय सभासदसंख्येला द्यायला हवं. सभासद दोनच होते: मी आणि ताहिर परकार.

मी राजन आठल्ये, मूळचा पुण्याचा, राहायला झिंजमध्ये. विमा कंपन्यांसाठी सर्व्हेअरचं काम करतो. कोणाच्या व्हिलात पाणी शिरलं, कोणाच्या गोदामाचं छत गंजलं, की मी जातो, वाकून बघतो, आणि नुकसान कशामुळे झालं ते लिहितो. अचानक झालं असेल तर कंपनी भरपाई देते, हळूहळू झालं असेल तर देत नाही. माझ्या अहवालांत ते बहुधा हळूहळू झालेलं असतं. ‘समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे कालांतराने झालेला परिणाम’ या अर्थाचं एक इंग्रजी वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय, की पहिला शब्द टाइप केला की उरलेलं कॉम्प्युटर स्वतःच लिहितो.

ताहिरभाई हर्णैचे. मनामाच्या जुन्या बाजारात, सूकच्या मागच्या गल्लीत बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात, म्हणजे दोरखंड, रंग, कप्प्या वगैरेंच्या सहवासात, तेहतीस वर्षं कारकून. बायको शरीफुन्निसा हर्णैला. दर दोन वर्षांनी दोन महिने रजा. बाकीचा संसार फोनवर.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की आम्ही गल्लीच्या तोंडावरच्या कॅफेटेरियात बसायचो. दोन करक चहा, मधे रुमाल, रुमालावर नाणं. नाण्याला एक ते सत्तर असा दर्जा देतात. सत्तर म्हणजे टाकसाळीतून कुणाचाही हात न लागता थेट तुमच्यापर्यंत आलेलं, आणि एक म्हणजे नाणं आहे एवढं शपथेवर सांगता येईल इतकं झिजलेलं. आम्ही दोघं आपापला आकडा चिठ्ठीवर लिहून घडी घालायचो आणि चिठ्ठ्या बदलायचो. नियम एकच होता, मैत्रीखातर आकडा वाढवायचा नाही.

नाणी बहुतेक माझीच असायची, लिलावातून मागवलेली अर्ध्या डॉलरची. ताहिरभाईंकडे एकच होतं, पण ते माझ्या सगळ्या डबीला भारी होतं. सतराशे नव्याण्णवचा अख्खा डॉलर. त्यांचे पणजोबा गलबतावर खलाशी होते. मस्कतच्या बंदरात कुणा अमेरिकन जहाजवाल्याकडून तो आला, असं घरात सांगत. एका बाजूला केस मोकळे सोडलेली स्वातंत्र्यदेवी, दुसऱ्या बाजूला छातीवर ढाल घेतलेला गरुड. गंमत म्हणजे त्याची किंमत पुढेही नाही आणि मागेही नाही. ती कडेवर कोरलेली. ताहिरभाई कडेवरून नख फिरवून ती अक्षरं वाचून दाखवायचे. आणि रंग! दोनशे वर्षांत चांदीवर आपोआप चढलेला करडा, त्यात कडेला जराशी निळी-हिरवी झाक. ताहिरभाई त्याला ‘कबुतराची मान’ म्हणायचे. मी त्याहून चांगलं वर्णन कुठल्या कॅटलॉगमध्ये वाचलेलं नाही.

या नाण्याला माझ्या चिठ्ठीवर चाळीस असायचे, त्यांच्या चिठ्ठीवर पंचेचाळीस. चौदा वर्षं.

“साहेब, तिच्या कपाळावरचे केस बघा. एकेक केस मोजून घ्या.”

“केस आहेत. खांदा बघा, ताहिरभाई. खांद्यावरचं वस्त्र गेलंय.”

“गेलं नाही, पातळ आहे. बड्या घरची बाई आहे ती, गोणपाट नेसेल का?”

यावर मी दुसरा चहा मागवायचो. दोन्ही आकड्यांचा अर्थ व्यवहारात जवळपास एकच, ‘अतिशय सुस्थितीत’, इंग्रजीत ‘एक्सएफ’. पण पाच गुणांसाठी माणसं काय करतात, हे बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या समाजाला वेगळं सांगायला नको.

दोन हजार तेवीसच्या ऑक्टोबरात ताहिरभाई डोळ्यांसाठी रजेवर गेले. साखरेने डोळ्यांच्या आतल्या पडद्याची नासधूस चालवली होती. मुंबईत इंजेक्शनं घ्यायची होती. जाताना नाणं माझ्याकडे दिलं. “एअरपोर्टवर कस्टमवाले विचारतात, हे काय, कुठलं, बिल दाखवा. पणजोबांचं बिल कुठून आणू? तुमच्याकडे राहू दे. तुमच्या घरात ते तिजोरीपेक्षा सुरक्षित.”

तिजोरीपेक्षा म्हणाले, ते बरोबरच होतं. तिजोरी धूत नाही.

लक्ष्मीपूजन रविवारी आलं आणि रविवार इथे कामाचा. मी रिफाला एका व्हिलाच्या गळक्या टाकीखाली उभा राहून टाकी हळूहळू गळत होती की अचानक, याचा विचार करत होतो. संध्याकाळी घरी आलो तर चारुलताने, माझ्या बायकोने, पूजा मांडलेली. चौरंगावर लाल कापड, लाह्या-बत्तासे, नवी केरसुणी, आणि ताम्हनात घरातली सगळी चांदी. निरांजन, अत्तरदाणी, तिच्या आईने दिलेली लक्ष्मी-गणपतीची नाणी. त्यांच्या मधोमध सतराशे नव्याण्णव सालची स्वातंत्र्यदेवी. पांढरीशुभ्र. दिव्याच्या उजेडात स्टीलच्या वाटीसारखी चमकणारी. गालावर हळद, कपाळावर कुंकू.

मी बूट काढायचे विसरलो.

“अहो, बूट!” चारुलता म्हणाली. मग माझं तोंड बघून, “कपाटात मिळालं. किती काळं पडलं होतं! खायचा सोडा आणि लिंबू लावून ब्रशने घासलं, अर्धा तास लागला. घरात चांदी आहे आणि आजच्या दिवशी ती काळी ठेवायची?”

“ते ताहिरभाईंचं आहे.”

“मग काय झालं? त्यांच्या घरी पण बरकत यायला नको का?”

तिच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. तिने परक्याच्या ठेवीला घरच्या देवीचा मान दिला होता. तो मान मिळताना नाण्याचा दोनशे वर्षांचा वरचा पापुद्रा सोड्याच्या पाण्याबरोबर सिंकमधून खाली गेला होता, एवढंच. भिंगाखाली पाहिलं. गालावर, केसांवर, गरुडाच्या ढालीवर, सगळीकडे ब्रशच्या बारीक समांतर रेघा. जुना टूथब्रश, मध्यम कडक.

मी चारुलताला काही सांगितलं नाही. सणाचा दिवस होता. आरती केली, त्या देवीलाही ओवाळलं. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, तिसऱ्या दिवशी पाडवा. त्यानंतर भाऊबीज. आपल्या दिवाळीत खरं बोलायला मोकळा दिवस मिळणं कठीण.

मग मी जे केलं, ते संघटनेच्या घटनेत फाशीच्या लायकीचं होतं. घटना लिहिलेली नव्हती म्हणून वाचलो. चांदीला गंधकाची वाफ लागली की ती काळवंडते आणि उकडलेल्या अंड्यात गंधक असतो. मी सनाबिसच्या सुपरमार्केटमधून अंडी आणली, उकडली, बलक डब्यात ठेवला, शेजारी कागदाच्या घडीवर नाणं, वर झाकण. रोज दोन अंडी.

“आपल्या घरात अंडी?” चारुलता दारात उभी. “आई गेल्या म्हणून काहीही?”

“डॉक्टरांनी सांगितलंय. प्रोटीन.”

“मग खात का नाही? वास कसला येतोय?”

तीन आठवड्यांनी रंग आला. कबुतराच्या मानेचा नव्हे. रस्त्यावर डबक्यात पेट्रोल सांडल्यावर दिसतो तो. पण पांढरा नव्हता, यावर मी समाधान मानलं.

ताहिरभाई डिसेंबरात परतले. कॅफेटेरियात मी रुमाल उघडला. त्यांनी नाणं कडेने धरलं, डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, खिडकीकडे तिरकं केलं. बराच वेळ. करकवर साय धरली.

“साहेब, जरा निळं जास्त वाटतंय.”

सांगायची वेळ हीच होती. वाक्य तयार होतं, चारच शब्दांचं.

“डोळ्यांत इंजेक्शनं घेतलीयत ना,” मी म्हणालो. “काही दिवस रंग वेगळे दिसतात म्हणे.”

“हां,” ते म्हणाले. “असेल, असेल. डॉक्टर पण काहीतरी तसंच बोलला.” आणि नाणं खाली ठेवलं. त्या दिवशी त्यांच्या चिठ्ठीवर पंचेचाळीसच होते. माझ्याही चिठ्ठीवर, पहिल्यांदाच, पंचेचाळीस लिहिले गेले.

त्यांनी चिठ्ठी नाकाला लावून वाचली आणि हसले. “काय साहेब, आजारी माणसाला खूश करता? नियम मोडला तुम्ही.”

इंजेक्शनांनी फार फरक पडला नाही. वर्षभरात त्यांना बिलं वाचता येईनात. मालक भला होता. त्याने सहा महिने त्यांना दोरखंडाचं माप हाताने करायला बसवलं आणि मग खांद्यावर हात ठेवून खलास म्हणाला. व्हिसा रद्द होणार, जूनमध्ये कायमचं घरी. ताहिरभाईंनी मला सांगितलं तेव्हा ते दुःखी नव्हते. त्यांना एकच गोष्ट हवी होती.

“अमेरिकेत ती कंपनी आहे ना, नाणी तपासून प्लास्टिकच्या पेटीत सील करून देते? तिथे पाठवायचं. चाळीस की पंचेचाळीस, एकदाचं कळू दे. अजून थोडं दिसतंय, साहेब. तेवढ्यात तो आकडा बघायचाय.”

“कशाला पाठवता? पोस्टात गहाळ होईल.”

“इन्शुरन्स काढा. तुमचाच धंदा आहे.”

“महिने लागतात.”

“दोन. मी विचारलंय.”

“ताहिरभाई, तिथली पोरं घाईत तपासतात. आपण चौदा वर्षं बघितलं, त्यांच्या चौदा सेकंदांवर कशाला…”

“साहेब घाबरले!” त्यांनी टेबलावर थाप मारली. “पंचेचाळीस येणार म्हणून घाबरले. आठल्येसाहेब, आता बहाणे मफी, एकही नको. फॉर्म भरा.”

मी फॉर्म भरला. त्यात अनेक रकाने होते: साल, प्रकार, परतीचा पत्ता. ‘आपल्या पत्नीने हे घासलं आहे का’ असा रकाना नव्हता. त्यांनी विचारलंच नाही तर मी कुठे लिहिणार, असा युक्तिवाद मी त्या आठवड्यात स्वतःशी पुष्कळदा केला. माझ्याकडे दावा घेऊन येणारी माणसंही हेच म्हणतात. मी त्यांचे दावे फेटाळतो.

पार्सल मेच्या शेवटी आलं, माझ्या ऑफिसात. मी फोडलं नाही. तशी ताहिरभाईंची अट होती. शुक्रवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आता भिंगही कामाचं राहिलं नव्हतं. मी खोकं उघडून पारदर्शक पेटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा नाण्यावर नेला, पण मधे प्लास्टिक लागलं. कडेवरचं अक्षर वाचायला नख पुढे केलं, तिथेही प्लास्टिक. पेटी मला परत दिली.

“वाचा, साहेब. मोठ्याने वाचा.”

वर लेबल होतं. मी वाचू लागलो. “सतराशे नव्याण्णव. एक डॉलर. एक्सएफ…”

“हां?”

“डीटेल्स.”

“आकडा?”

“आकडा नाहीये, ताहिरभाई.”

“नाही म्हणजे? सत्तरातले किती?”

त्यांना माहीत होतं. नाणेवाल्यांना हे सगळ्यांत आधी शिकवतात. नाण्याला कुणी हात लावला असेल तर त्याला आकडा देत नाहीत. नक्षी किती शिल्लक आहे ते शब्दांत सांगतात आणि खाली कारण लिहितात. पोलीस पंचनाम्यात लिहितात तसं. “खाली लिहिलंय, क्लीन्ड,” मी म्हणालो. “घासलेलं.”

क्लीन्डच्या पुढे स्वल्पविराम होता आणि स्वल्पविरामापुढे आणखी एक शब्द. रिकलर्ड. म्हणजे कुणीतरी नंतर मुद्दाम रंग आणलेलं. तिथल्या पोरांनी चौदा सेकंदांत अंडी ओळखली होती. तो शब्द मी वाचला नाही. स्वल्पविरामापाशी थांबलो. तेवढं माझ्या हातात होतं.

ताहिरभाईंनी चाचपत रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, “घासलं कुणी?”

माझ्या घशाशी आलं. शपथेवर सांगतो, आलं होतं. मी चहा प्यायलो आणि ते परत खाली गेलं.

“शरीफुन्निसा,” ते म्हणाले.

“काय?”

“चौदा वर्षांपूर्वी इथे आणलं, त्याच्या आधी तिच्याकडेच होतं ना. थोरल्याचं लग्न झालं त्या वर्षी. बायकांनी दागिने धुवायला काढले होते, मला फोनवर सांगत होती. त्यात गेलं. मग दोन-तीन वर्षांत परत काळं पडलं आणि आपण दोघं फसलो. चौदा वर्षं फसलो, साहेब! तुम्हाला पण रेघा दिसल्या नाहीत?”

“नाही दिसल्या,” मी म्हणालो. पहिल्या बारा वर्षांपुरतं ते खरंही होतं.

त्यांनी फोन काढला, मला नंबर लावायला सांगितला आणि स्पीकरवर ठेवला. हर्णैहून दुपारच्या भांड्यांचा आवाज येत होता.

“हां, बोला. जेवलात?”

“ते पणजोबांचं नाणं. थोरल्याच्या लग्नात तू धुतलंस का?”

“कुठलं नाणं?”

“एकच आहे. दागिने धुतलेत तेव्हा. आठव.”

भांडी थांबली. “सतरा-अठरा वर्षं झाली त्याला. मला काय…”

“घासलंस की नाही?”

“घासलं असेल.”

“असेल नको मला. हो की नाही?”

ती क्षणभर थांबली. तेहतीस वर्षं ज्यांचा संसार फोनवर चालतो, त्यांना हे थांबणं चांगलं ठाऊक असतं. नाही म्हटलं तर वाद, वाद झाला तर रुसवा, आणि रुसवा काढायला माणूस अडीच हजार किलोमीटरवर. हो म्हटलं की विषय संपतो आणि माणूस औषध घेतलं का ते सांगतो.

“हो,” शरीफुन्निसा म्हणाली. “घासलं. चूक झाली. गोळी घेतलीत का दुपारची?”

ताहिरभाईंनी डोळे मिटले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “घेतली. जाऊ दे. आता काय ओरडायचं तुला, पंधरा दिवसांनी घरीच येतोय. इंशाल्ला.” फोन ठेवून माझ्याकडे, म्हणजे मी साधारण जिथे होतो तिकडे, वळले. “माफ केलं, साहेब. बायकांना काही काळं दिसलं की घासायचंच सुचतं.”

हे वाक्य मला शब्दशः मान्य होतं. मी मान हलवली. त्यांना ते दिसलं नसणार.

त्यानंतर मी काही सांगायचं म्हणजे शरीफुन्निसालाही खोटं पाडायचं, असा नवा मुद्दा माझ्या बाजूने आला. मी तो वापरला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना एअरपोर्टवर सोडलं. सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, जमा झालं होतं. तेहतीस वर्षं दर दारात दाखवायची सवय, म्हणून ते वरचा खिसा चाचपत होते. खिशात आता ती पेटी होती. काउंटरपाशी व्हीलचेअर आली. त्यांनी माझा हात धरून एक घडी केलेली चिठ्ठी दिली. गाडीत येऊन उघडली. वाकड्या, एकमेकांवर चढलेल्या अक्षरांत पंचेचाळीस.

दीड महिना काही आलं नाही. मग एका शुक्रवारी दुपारी त्यांच्या नातीचा, अरीबाचा, मेसेज आला. बारावीतली मुलगी, इंग्रजी शाळेतली. सोबत लेबलचा फोटो. ‘अंकल, दादांनी मला लेबल वाचायला सांगितलं. क्लीन्डच्या पुढे रिकलर्ड लिहिलंय. म्हणजे काय, ते तुम्हाला विचारायला सांगतायत. दादी म्हणते तिने फक्त धुतलं होतं, रंग वगैरे काही लावला नव्हता. ती रडतेय.’

मी मेसेज उघडला होता, तिकडे दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या. आता वाचलाच नाही म्हणता येत नव्हतं.

मी खरं लिहिलं. चार ओळी. दिवाळी, सोडा, लिंबू, अंडी. शुद्धलेखन तपासलं. मग हळूहळू, शेवटच्या अक्षरापासून मागे, ते खोडलं. त्यानंतर माझ्या बोटांनी जे लिहिलं त्यासाठी मला विचार करावा लागला नाही. ‘समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे कालांतराने असा रंग येतो. दादींची काही चूक नाही.’

‘ओके अंकल,’ अरीबाने लिहिलं. वर अंगठा.

दहा मिनिटांनी त्याच नंबरवरून ताहिरभाईंचा आवाज आला. एकोणीस सेकंदांचा मेसेज. पहिले काही सेकंद नुसता पंखा.

“साहेब, समुद्राची हवा तर त्याला दोनशे वर्षं लागतच होती.”

पंखा.

“म्हणजे ते निळं मला बरोबर दिसलं होतं.”

पुन्हा पंखा. लांबून भांडं ठेवल्याचा आवाज.

“वहिनींना सलाम सांगा.”

मी तो तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा चारुलता हात पुसत बाहेर आली.

“कुणाचा हो आवाज? ताहिरभाई का? काय म्हणतात?”

“तुला सलाम सांगितलाय.”

“बघा,” ती खूश होऊन म्हणाली. “नाणं इतकं लख्ख करून दिलं होतं मी. विसरले नाहीत.”